राष्ट्रचिन्हांचे प्रश्न काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यात सामान्यज्ञान स्पर्धा भरवणारी मंडळं, वाचनालयं, देवस्थान समित्या, पालक-शिक्षक संघ आणि त्यांच्यासाठी प्रश्न काढून देणारे माझे शिक्षक बंधू-भगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

१९ डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनापासून प्रजासत्ताक दिनापर्यंतचे पाच-सहा आठवडे म्हणजे आपल्याकडचा प्रश्नमंजूषेचा हंगाम. काणकोणपासून पेडण्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या सभागृहात, नाहीतर देवळाच्या मंडपात टेबलं मांडलेली असतात. प्रत्येक टेबलामागं इस्त्रीच्या गणवेशातली पोरं, आणि पहिल्या फेरीचं नाव बहुधा 'आपला देश'. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही मी अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जात आलो आहे. वर्गणी गोळा करण्यापासून चषक आणण्यापर्यंत सगळं चार माणसं खिशाला चाट लावून करतात, हे मी जवळून पाहतो. त्या खटपटीबद्दल मला आदरच आहे. तक्रार आहे ती पहिल्या फेरीच्या कागदाबद्दल.

तो कागद सगळीकडे एकच असतो. कुणीतरी कधीतरी टाइप केलेला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचलेला. राष्ट्रीय प्राणी? वाघ. राष्ट्रीय पक्षी? मोर. राष्ट्रीय फूल? कमळ. राष्ट्रीय खेळ? हॉकी. राष्ट्रभाषा? हिंदी. पोरं घंटी दाबतात, गुण पडतात, आईबाप टाळ्या वाजवतात. यातली काही उत्तरं साफ चूक आहेत आणि काहींना कागदोपत्री आधार नाही. जी बरोबर आहेत तीसुद्धा अशा रीतीनं विचारली जातात, की मुलाला वाटावं, देश जन्मतानाच हे सगळं बरोबर घेऊन आला होता.

तसं काही नव्हतं. झेंडा, मुद्रा, गीत, प्राणी यांतली प्रत्येक गोष्ट कुणीतरी, कुठल्यातरी तारखेला, काहीतरी कारण मनात धरून ठरवलेली आहे. काही गोष्टी कुणीच ठरवल्या नाहीत, लोकांनी परस्पर मानून घेतल्या. मुलांना विचारायचं ते हे ठरवणं. इतर राज्यांनी ते टाळलं तर एक वेळ चालेल. आपल्याकडे मात्र देश ठरताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिला अशी माणसं अजून वाड्यावाड्यांत बसलेली आहेत.

हॉकीपासून सुरुवात करू. २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला: हॉकी राष्ट्रीय खेळ म्हणून केव्हा जाहीर झाली, तो आदेश दाखवा. केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं कळवलं, की कोणताच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅमपासून १९५६च्या मेलबर्नपर्यंत आपण ओळीनं सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं आणली, त्या भरात देशानं तो मान मनानंच देऊन टाकला. दिला तर दिला, त्यात वाईट काही नाही. पण गेली कित्येक वर्षं आपण या प्रश्नाचे गुण वाटतो आहोत, आणि एखादं हुशार पोर 'असा खेळच नाही' म्हणालं तर त्याला शून्य देतो. त्या मुलीचं वय दहाच्या आसपास होतं. तुमच्या टेबलांमागं बसलेल्या पोरांएवढीच. तिच्यासारखा प्रश्न पडलेलं पोर आपल्या स्पर्धेत हरतं, हे मला खुपतं.

गांधीजींच्या 'राष्ट्रपिता' या बिरुदाबद्दलही त्याच काळात अशी विचारणा झाली. सरकारचं उत्तर असं, की संविधानाच्या अठराव्या कलमानुसार लष्करी आणि शैक्षणिक सन्मान सोडले तर राज्याला कुणालाही किताब देता येत नाही. सुभाषबाबूंनी १९४४ साली आझाद हिंद रेडिओवरून गांधीजींना तसं संबोधलं होतं. कुठल्याही राजपत्रात न छापलेलं ते नाव इतकी वर्षं टिकलं, हे मुलांना कळलं तर गांधीजी लहान होतात असं मला वाटत नाही.

कमळाचीही तीच गत. संसदेत २०१९ साली केंद्र सरकारनं सांगितलं, की वाघ आणि मोर यांच्याबाबतच्या अधिसूचना आहेत, फुलाबाबत पर्यावरण मंत्रालयानं अशी कोणतीही अधिसूचना काढलेली नाही. आता कमळ म्हटलं की कुणाला काय आठवतं ते मी लिहीत नाही. गोव्यात सिंहाचीही तीच पंचाईत आहे. राजमुद्रेतल्या सिंहांबद्दल वर्गात बोलायला लागलं की एखादा पोरगा हमखास म्हणतो, "मास्तर, तो मगोचा." म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा, त्यांची निशाणी सिंह. मुलांना चिन्हं कळत नाहीत असं कोण म्हणेल?

भाषेबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. भारताच्या संविधानात राष्ट्रभाषा नावाची तरतूद नाही. कलम ३४३ प्रमाणे देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. १९५० साली त्या १४ होत्या. सिंधी १९६७ मध्ये आली. कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी १९९२ मध्ये. त्यानंतर बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी. म्हणजे गोव्यातल्या बहुसंख्य घरांत जी बोलली जाते ती भाषा या यादीत यायला गोवा मुक्त झाल्यावर तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. आपल्या राज्यापुरता कायदा ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेत संमत झाला: देवनागरी कोकणी राजभाषा, आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्याही वापराची तरतूद. त्यामागं रस्त्यावरचं आंदोलन होतं, गेलेले जीव होते, तुटलेली नाती होती. मी जन्मभर मराठी शिकवली, त्यामुळे मला या वादात काय वाटतं हे सांगायची गरज नाही. घरात मी कोकणीच बोलतो, तेही सांगायची गरज नाही. पण प्रश्नपत्रिकेत माझं मत नको आणि कोकणी रोमन लिपीत लिहिणाऱ्या शेजाऱ्याचंही नको, तिथं कायद्याचं कलम हवं. 'राष्ट्रभाषा हिंदी' असं उत्तर देऊन पाच गुण घेतलेल्या मुलाला ही सगळी गोष्ट कधी कळतच नाही. आपल्या आजोबांनी कुणाशी बोलणं का सोडलं, हेही नाही.

आता तिरंगा. याच्यावर प्रत्येक स्पर्धेत तीन-चार प्रश्न ठरलेले: आरे किती, रंगांचा अर्थ काय, आराखडा कुणाचा. घटना समितीनं झेंड्याचा ठराव २२ जुलै १९४७ रोजी मंजूर केला. जवाहरलाल नेहरूंनी तो मांडला. ठराव काढून वाचा, जेमतेम चार ओळींचा आहे. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा या रंगांचे सारख्या मापाचे आडवे पट्टे, मधोमध निळ्या रंगाचं चक्र, चक्राचा नमुना सारनाथच्या अशोकस्तंभावरचा, रुंदीला लांबीचं प्रमाण साधारण दोनास तीन. बस. रंगांचा अर्थ त्यात नाही. आपण जे 'त्याग, शांती, समृद्धी' पाठ करून घेतो त्याच्या मुळाशी सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्याच दिवशी सभागृहात केलेलं भाषण आहे. त्यांनी केशरीला विरक्ती म्हटलं, पांढऱ्याला सत्याच्या वाटेवरचा प्रकाश, हिरव्याला मातीशी आणि झाडापेडांशी असलेलं आपलं नातं. चक्राबद्दल म्हणाले, की ते गतीचं आहे, थांबलं तर मरण. ती एका विचारवंताची मांडणी आहे आणि सुंदर आहे. कुठल्या पत्रकात 'चोवीस आरे म्हणजे चोवीस तास' असं येतं, कुठं चोवीस सद्गुणांची यादी येते, त्यांचा या ठरावाशी संबंध नाही. काँग्रेसच्या १९३१च्या झेंड्यावर चरखा होता, त्याच्या जागी १९४७ मध्ये चक्र आलं. का आलं? हा प्रश्न एखाद्या फेरीत घाला आणि आठवीच्या मुलांना दोन मिनिटं बोलू द्या. काही जण चुकतील, पण विचार करून चुकतील.

आणखी एक विचारा: साध्या नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर तिरंगा लावायचा हक्क केव्हा मिळाला? बहुतेक मुलं १५ ऑगस्ट १९४७ म्हणतील. मास्तरही म्हणतील. खरं तर त्यासाठी २००२ची ध्वजसंहिता यावी लागली, आणि झेंडा लावणं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयानं नवीन जिंदाल यांच्या खटल्यात २३ जानेवारी २००४ रोजी सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या झेंड्याला परवानगी मिळाली, जुलै २०२२ मध्ये घरावर रात्रीही ठेवायची. त्याआधी हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाचीच सक्ती होती, आणि प्रमाणित झेंडे तयार होतात ते आपल्यापासून फार लांब नाही. घाट चढून गेलं की हुबळीच्या बेंगेरीत खादी ग्रामोद्योग संघाचं ते केंद्र आहे. बक्षीस म्हणून प्लास्टिकचा चषक देण्याऐवजी पहिल्या तीन चमूंना एक दिवस तिथं नेऊन आणा. सूत किती पदरी, रंग कसा तपासतात, टाके किती, एका मापाच्या चुकीनं झेंडा कसा बाद होतो, हे बायामाणसांच्या हातांखाली बघितलेलं पोर नंतर कागदी झेंडा गटारात टाकणार नाही. माझ्या मते पॉलिएस्टरला मुभा दिली ती चूक झाली. पण उलट बाजू मांडणारं पोर समोर आलं तर मी त्याला पूर्ण गुण देईन.

राजमुद्रेविषयी मला जे म्हणायचं आहे ते मुलांना नाही, थेट तुम्हालाच. २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेली ही मुद्रा सारनाथच्या सिंहशीर्षावरून घेतलेली आहे. सिंह चार, दिसतात तीन. खाली मधोमध चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे धावता घोडा. मूळ स्तंभावरचं उमललेलं उलटं कमळ मुद्रेत घेतलेलं नाही. खाली मुंडकोपनिषदातलं 'सत्यमेव जयते'. इथवर तुमचे प्रश्न ठीकच असतात. पण त्याच स्पर्धेचं प्रशस्तिपत्रक हातात घेतलं की वर ठळक, सोनेरी शाईत तीच मुद्रा छापलेली दिसते! २००५ साली यासाठी वेगळा कायदा झाला. कागद सरकारी आहे असा समज होईल अशा रीतीनं खासगी माणसाला किंवा संस्थेला ही मुद्रा वापरता येत नाही, आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुम्हाला कुणी धरून नेणार नाही हे खरं. पण 'सत्यमेव जयते कुठल्या उपनिषदातलं' याचे गुण ज्या कागदावर द्यायचे, तो कागदच नियमाबाहेरचा, हे बरं दिसत नाही. मंडळाचं स्वतःचं बोधचिन्ह छापा. गोव्याचा वृक्षदीप छापायचा मोह झाला तरी आवरा, तीही सरकारचीच मुद्रा.

राष्ट्रगीताची तारीख मुलांना पाठ असते, २४ जानेवारी १९५०. पण घटना समितीत त्यावर मतदान झालं नव्हतं, हे सहसा कुणी सांगत नाही. अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी एक निवेदन वाचलं: 'जन गण मन' हे राष्ट्रगीत, आणि 'वंदे मातरम्'ला तितकाच मान. त्याच दिवशी सभासदांनी संविधानाच्या प्रतींवर सह्या केल्या. गीत त्याआधी २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात पहिल्यांदा गायलं गेलं होतं. मूळ कडवी पाच, राष्ट्रगीत म्हणून घेतलं ते पहिलं, म्हणायला सुमारे ५२ सेकंद.

पण आपल्याकडची पोरं वर्गात वेगळंच विचारतात: पंजाब आहे, गुजरात आहे, उत्कल आहे, बंग आहे, मग गोवा कुठं? माझ्या वर्गात दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी विचारायचंच. डिचोलीतला असेल तर वर म्हणायचा, "मराठा आहे ना, मग आपण त्यातच." मडगावहून बदलून आलेला पोरगा लगेच हरकत घ्यायचा. मी दोघांनाही सांगायचो, की १९११ साली कवीनं लिहिलेली ती नावं म्हणजे राज्यांची हजेरी नव्हे. सिंधचा उल्लेख वगळावा म्हणून कुणी सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २००५ साली न्यायालयानंही तेच सांगितलं: राष्ट्रगीत हे देशाच्या हद्दी ठरवणारं दफ्तर नाही. तुमच्या कागदावर हा प्रश्न कधीच नसतो. मुलांच्या तोंडी मात्र असतो.

प्रतिज्ञेचंही तसंच. 'भारत माझा देश आहे' रोज सकाळी म्हणतात. कुणी लिहिली म्हणून विचारलं तर सभागृह गप्प. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली. विशाखापट्टणमला ते कोषागार अधिकारी होते. रोज ट्रेझरीतली बिलं तपासणाऱ्या सरकारी नोकरानं लिहिलेल्या ओळी देशभरची पोरं म्हणतात, ही मला तरी फार आवडणारी गोष्ट आहे.

आता आपल्या घरातलं. 'आपला देश' या फेरीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे 'भारत प्रजासत्ताक केव्हा झाला?' उत्तर बरोबर आहे. त्याला जोडून विचारायचा प्रश्न कुणी विचारत नाही: त्या दिवशी पणजीत काय चाललं होतं? २६ जानेवारी १९५० रोजी पणजीच्या सरकारी इमारतींवर हिरव्या-लाल रंगाचा पोर्तुगीज झेंडा होता, लिसेव या पोर्तुगीज शाळेत 'आ पोर्तुगेजा' हे त्यांचं राष्ट्रगीत गायलं जात होतं, आणि तिरंगा फडकवणं हा गुन्हा होता. त्या तिरंग्यासाठी १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, कर्नेलसिंग बेनीपाल तिथं पडले, आणि ते तर पंजाबातून आलेले. १९५९ साली तर आपल्याकडे नवं चलन आलं. रुपी गेली, एस्कुद आला, सहा एस्कुदांना एक रुपी. आपल्या वडीलधाऱ्यांनी एका आयुष्यात दोन झेंडे, दोन राष्ट्रगीतं आणि तीन नाणी हाताळली. रुपयाचं चिन्ह कुणी काढलं, हे पोरांना विचारता, डी. उदयकुमार म्हणून उत्तरही येतं. घरातल्या पेटीत पडलेलं एस्कुदाचं नाणं स्पर्धेला घेऊन या, असं मात्र कुणी सांगत नाही.

भारतीय फौजा १८ डिसेंबर १९६१ रोजी आत आल्या, १९ तारखेला गव्हर्नर वास्सालो इ सिल्वानं शरणागती पत्करली. संविधानाची बारावी दुरुस्ती १९६२ मध्ये झाली, पण तिचा अंमल मागच्या तारखेनं, २० डिसेंबर १९६१ पासून धरला. म्हणजे प्रजासत्ताकाच्या नकाशात आपली जागा मांडणाऱ्या कायद्याची तारीख ती. आणि पोर्तुगालनं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४च्या करारानं. मधली तेरा वर्षं लिस्बनच्या लेखी आपण त्यांचेच होतो. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते, हे या संदर्भात ठेवून सांगितलं तर मुलाच्या डोक्यात राहतं. 'रानडे कोण?' असा एका गुणाचा प्रश्न राहत नाही.

'पोर्तुगीज राजवट किती वर्षं?' याला तुमच्या उत्तरपत्रिकेत ४५१ असतं. पणजीच्या तिसवाडी तालुक्यात बसून विचारलंत तर १५१० पासून मोजून ते जुळतं. पण मी डिचोलीचा. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, काणकोण हा सगळा नव्या काबिजादीचा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती गेला. पेडणे तर १७८८ मध्ये. तिथल्या पोराला ४५१ पाठ करायला लावणं म्हणजे त्याच्या गावाची अडीचशेहून अधिक वर्षं परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढवणं. आमच्याकडची देवळं का राहिली, तिसवाडीहून पलीकडे आणलेले देव फोंड्यात का वसले, नव्या काबिजादीत मराठीची मुळं एवढी खोल का, यांची उत्तरं याच फरकात आहेत. पाठ्यपुस्तकाला एक आकडा पुरतो, पण तुम्ही पुस्तकाबाहेरचं विचारता म्हणूनच लोक तुमच्या स्पर्धेला येतात ना?

चिन्ह म्हणजे काय, हे शिकवायला तर गोव्यासारखी जागा नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. मतपत्रिकेवर दोनच चित्रं: महाराष्ट्रात विलीनीकरण हवं त्यांनी फुलावर, केंद्रशासित राहायचं त्यांनी दोन पानांवर. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. आपलं राज्य १९८७ च्या ३० मे रोजी देशातलं पंचविसावं राज्य झालं, त्याची वाट या मतमोजणीतूनच गेली. आमच्या घरात आणि आजूबाजूला बहुतेकांनी फुलावर मत दिलं होतं. त्यांना गद्दार म्हणणारे अजून भेटतात आणि दोन पानांवाल्यांना पाखल्यांचे, म्हणजे पोर्तुगिजांचे, चेले म्हणणारेही भेटतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं एकाच टेबलावर मांडणारी एक फेरी कधी घ्याल का? १६ जानेवारी तुमच्या हंगामातच येते. आजच्या मुलांना त्या वादाचे चटके लागलेले नाहीत, ती शांतपणे बोलतील. प्रेक्षकांत बसलेल्या आजोबांना आवरावं लागेल, एवढंच.

राहता राहिला वाघ. राष्ट्रीय प्राणी म्हणून त्याची निवड १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला झाली, त्याआधी तो मान सिंहाकडे होता. वाघ संपत चालला होता, त्याला वाचवायची मोहीम उभी राहत होती आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. निवडीमागचं कारण इतकं स्पष्ट असताना आपण फक्त नाव विचारतो. आणि ज्या सत्तरीत वाघाला 'वाघ्रो' म्हणून पुजतात, त्याच सत्तरीत जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले. विषानं मेले होते. रानाच्या कडेला राहणाऱ्यांची गुरं वाघ मारत होता, त्या रागाची ही गोष्ट होती. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा आदेश दिला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. अभयारण्यातल्या गावांना आपली घरं, काजूची भाटं जातील अशी भीती आहे, ती खोटी नाही. ज्यानं म्हैस गमावली त्याच्या जागी उभं राहून बघा. पण २०२०च्या त्याच जानेवारीच्या २६ तारखेला वाळपई-साखळीच्या पट्ट्यातही कुठल्या तरी मंडपात 'राष्ट्रीय प्राणी कोणता?' विचारलं गेलं असणार, पोरांनी घंटी दाबली असणार, आणि गुण देऊन पुढचा प्रश्न घेतला गेला असणार. गोळावलीचं नाव निघालं असेल का, तुम्हीच सांगा.

मोराचंही फार वेगळं नाही. पिकांची नासाडी होते म्हणून २०१६ साली मोर आणि गवा यांना उपद्रवी ठरवता येईल का, असा विचार आपल्याकडे सरकारी पातळीवर चालला होता. एक राष्ट्रीय पक्षी, दुसरा राज्यप्राणी. त्याच वर्षी वृक्षसंरक्षण कायद्यातून माडाला वगळलं. फांद्या नाहीत म्हणून तो झाड नाही, असं काहीतरी कारण दिलं गेलं. लोकांनी ओरड केली आणि २०१७ मध्ये माड पुन्हा झाड झाला. अशा राज्यात सामान्यज्ञानाचा कागद कंटाळवाणा निघतो, हे कसब म्हणायचं.

जाता जाता एक गंमत. राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून लागू झालं. मेघनाद साहा यांच्या समितीनं ते सुचवलं, शक तोच आपला शालिवाहन, पण महिने सौर. त्यामुळे सरकारी चैत्राची पहिली तारीख २२ मार्च, लीप वर्षी २१, आणि आपला पाडवा भलत्याच दिवशी. घरच्या पंचांगात बघून उत्तर देणारं पोर इथं फसतं. हा प्रश्न जरूर घाला, पण चुकलेल्यांना अर्धे गुण द्या.

तर माझ्या मागण्या फार नाहीत. हॉकी, राष्ट्रभाषा आणि ज्यांना आदेश नाही असे सगळे प्रश्न या हंगामापासून काढून टाका. किंवा ठेवायचेच तर 'हे कुणी जाहीर केलं?' असं विचारून ठेवा. प्रत्येक उत्तराखाली आधाराची एक ओळ लिहा: ठराव, कलम, अधिसूचना, निवाडा, जे असेल ते. घटना समितीच्या चर्चा छापून उपलब्ध आहेत, ध्वजसंहिता गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते, पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रं आहेत. मुलांच्या उत्तराला आव्हान द्यायची मुभा असते तशी मुलांना परीक्षकाच्या उत्तराला आव्हान द्यायची मुभा ठेवा. पुरावा दाखवला तर गुण दुप्पट. आणि एक फेरी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणायच्या उत्तरांची घ्या: १९ डिसेंबरला तुम्ही कुठं होता, पहिला तिरंगा कुठं बघितला, फूल की दोन पानं. त्या फेरीची उत्तरपत्रिका तुमच्याकडे नसेल, म्हणून ती घ्यायला भीती वाटेल. सांगणारी माणसं दर पावसाळ्यात कमी होत आहेत, तेव्हा ही फेरी तरी पुढच्या वर्षावर ढकलू नका.

प्रश्न छापायला टाकण्याआधी कागद माझ्याकडे पाठवलात तर मी मोबदला न घेता तपासून देईन. डिचोली बाजारातल्या कुठल्याही मराठी मास्तरकडं दिलात तरी तो माझ्यापर्यंत पोचतो. फक्त स्पर्धेच्या आदल्या रात्री पाठवू नका.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
डिचोली